खांबामागे वारा पडतो

माझ्या बायकोने मरायच्या आधी मला एकच धमकी दिली. दागिने कुणाला, घराचं काय, यातलं ती काही बोलली नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून संत्रं सोलत होती, आणि सोलता सोलता म्हणाली, "माज्या तेराव्याक कोणी 'उकडता' म्हणूचा नाय. म्हटल्यान तर मी जावचंय नाय."

सगळा जन्म भांडुपात गेला तरी तिची मालवणी काही सुटली नाही. माझी केव्हाच सुटली, मी मुंबईची खिचडी बोलतो. तर तिचं म्हणणं असं, की तेराव्याला आलेल्या एकाही माणसाने गरम होतंय अशी तक्रार केली तर ती वर जाणार नाही, इथंच राहील आणि माझं डोकं खाईल. मी म्हटलं, मग मी सगळे पंखे बंदच ठेवतो. ती हसली नाही. संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली की मे महिन्यात गेले तर तुमची खरी परीक्षा.

मे महिन्यातच गेली. बाई शब्दाची पक्की.

ही धमकी तिने मलाच का दिली ते सांगायला हवं. मी धंद्याने पंखेवाला. विकणारा नव्हे, भाड्याने लावणारा. लग्न, साखरपुडा, शोकसभा, पक्षाचा मेळावा, शाळेचं गॅदरिंग, रक्तदान शिबिर, जिथं म्हणून चार भिंतींत शंभरावर माणसं कोंबतात तिथं माझा टेम्पो जायचा. मुलुंड ते घाटकोपर हा माझा पट्टा, पण अंधेरी-बोरिवलीलाही खूप कामं केली. शिक्षण म्हणाल तर चौथी. त्यातही खिडकीशी बसायचो, त्यामुळे जे काय शिकलो ते वाऱ्याचंच.

लोकांना वाटतं पंखा लावणं म्हणजे बटण दाबणं. पंखा हवा गार करत नाही, हलवतो. आतली वापरलेली हवा कुठून बाहेर जाणार हे आधी ठरवलं नाही तर पन्नास पंखे लावा, तोच घाम फिरून फिरून तोंडावर येतो. डाळ ढवळल्यासारखं. आधी बाहेर जायची वाट, मग आत यायची वाट, मग पंखा. पण यजमानाला वाटेशी देणंघेणं नसतं, त्याला पंखे मोजायचे असतात. आणि अलीकडे कूलर. दिल्लीकडचे व्हिडिओ बघून सगळ्यांना कूलर हवा असतो. आपल्या दमट हवेत बंद हॉलात कूलर लावणं म्हणजे घामेजलेल्या माणसाच्या तोंडावर ओला टॉवेल टाकणं. मी सांगायचो, कुणी ऐकायचं नाही. मुलीच्या बापाला कूलर हवाच, कारण तो पाहुण्यांना दिसतो. मग मी कूलर लावायचो आणि त्यात पाणीच भरायचो नाही. सगळे म्हणायचे, वा, काय गार वाटतंय.

प्रत्येक कार्याचा उकाडा वेगळा. लग्नात सगळी गर्दी स्टेजकडे, त्यात होमाचा धूर, आणि मागून स्वयंपाकाचा वास. हा वास अक्षता पडायच्या आधी हॉलात आला की संपलं, लोक नवरा-नवरीकडे पाठ करून पंगतीच्या जागा धरायला धावतात. म्हणून लग्नात माझं पहिलं काम म्हणजे मसालेभाताला मुहूर्तापर्यंत बाहेर अडवून धरणं. घाटकोपरला नवरात्रात गरबा असायचा, तिथं पंखे डोक्याच्या वर बांधायचे, खाली ठेवले की घागरे अडकतात. कुर्ल्याच्या बौद्ध वस्तीत लग्नं लावली. तिथं मूर्तीपुढे मेणबत्त्या असतात, वंदना होईस्तोवर एकही पंखा नाही, तीनशे माणसं हात जोडून घाम गाळत उभी. वंदना संपली की मी मागून एकेक पंखा चालू करत पुढे यायचो, आणि त्याबरोबर मागून पुढे सगळ्या हॉलाचा सुस्कारा यायचा. तो ऐकायला मला फार आवडायचं. पक्षाच्या मेळाव्यात स्टेजवरच्यांना वाटतं की सगळे पंखे आपल्याकडे हवेत. मी अर्धे गर्दीकडे वळवायचो. गर्दी उठून गेली तर भाषण कुणाला, पंख्याला?

सगळ्यात अवघड शोकसभा. लग्नात माणूस ओरडतो, अरे पंखा लाव रे. शोकसभेत कुणी ओरडत नाही. बिचारे मयताच्या फोटोकडे बघत बसतात, आणि पाठीवरून घामाचे ओघळ जातात ते दुःखात जमा होतात. मुलुंडला एका सभेत एक धडधाकट माणूस खुर्चीवरून खाली पडला. सगळे म्हणाले, मित्राचा धक्का सहन नाही झाला. कसला धक्का, त्याच्या मागची खिडकी बॅनरने बंद केली होती.

हे मी मोठ्या तोंडाने सांगतोय, पण यातलं निम्मं हिचं आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हिला मोठ्या ऐटीत एका कार्याला नेलं, माझं काम बघ म्हणून. मी पुरुषांच्या बाजूला फिरत होतो, लोक पाठ थोपटत होते. घरात शिरल्यावर हिने ब्लाउज पिळून दाखवला. तेव्हा कळलं की मी सगळे पंखे स्टेजला आणि पुढच्या पुरुषांना लावले होते, आणि मागे बायका जरीच्या साड्या नेसून, मांडीवर पोरं घेऊन भाजत बसल्या होत्या. ही म्हणाली, तुम्ही हॉल उभ्याने बघता, एकदा बसून बघा.

त्यानंतर ती कामाच्या दिवशी सकाळीच यायची. हॉल रिकामा असायचा, सतरंज्या टाकायच्या असायच्या. ही अगरबत्ती पेटवायची आणि एकेका खुर्चीवर बसून बघायची, धूर कुठं जातो. आडवा गेला तर वारा आहे. गोल फिरला तर हवा कोंडली आहे. सरळ दोऱ्यासारखा वर गेला तर तिथं वारा पडलाय, आणि मग ती हॉलभर ऐकू जाईल असं म्हणायची, "हंय माणूस मरात." तिला साधी स्वस्तातली अगरबत्ती लागायची, भारी अगरबत्तीच्या धुराने ठसका येतो म्हणायची. मी पंखा वळवायचो, ती परत बसायची. शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची पास झाल्याशिवाय चहा नाही. धंद्यात माझं नाव झालं ते या अगरबत्तीवर. मला लोक विचारायचे, तुमचा हात कसा बसला? मी म्हणायचो, अनुभव. ती शेजारी उभी असायची.

आमच्या मंडळाचा हॉल भांडुपात चढावर आहे. वर सिमेंटचे पत्रे, एका बाजूला स्टेज, दुसऱ्या बाजूला ढोल-लेझीम ठेवायची खोली. आमच्या लोकांची सगळी कार्यं तिथं. त्या हॉलात बायकांच्या बाजूला, अगदी मागे, एक जाडजूड खांब आहे. खांब आणि ढोलाच्या खोलीची भिंत यांच्या मधल्या बेचक्यात वारा जात नाही. काय वाटेल ते करा, जात नाही. मी पंखा तिरका लावला, उंच टांगला, भिंतीत भोक पाडू का म्हणून मंडळाला विचारलं. अगरबत्ती सरळच्या सरळ वर. आमची ही प्रत्येक कार्याला मुद्दाम तिथंच जाऊन बसायची. पुढे कुणी खुर्ची दिली तरी नाही. पदराने वारा घेत बसायची आणि हॉलाच्या दुसऱ्या टोकाला मी दिसलो की पदर जरा जास्तच जोरात हलवायची. माझ्या पुतणीच्या लग्नात मला हार घालून सत्कार केला मंडळाने, हवेशीर व्यवस्थेबद्दल. मी हार घालून उभा आणि समोर लांबवर तो पदर.

शेवटी तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाला, यांचं हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, कुणासाठी? निदान माझ्यासाठी तरी नाही. ही त्या वॉर्डात इतकी हसली की नर्स धावत आली. घरी आणल्यावर मी टेबलफॅन उशाशी लावायचो, ती बंद करायला सांगायची. नाकात वारो शिरता म्हणायची. मग मी पुठ्ठ्याने वारा घालत बसायचो, तो चालायचा. एवढंच सांगतो. त्यापुढचं मला सांगता येत नाही आणि तुम्हालाही ऐकून काही मिळणार नाही.

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी मुलाने मुलुंडच्या एसी हॉलाचा विषय काढला. मुलगा अंधेरीला ऑफिसात असतो, बोरिवलीला राहतो, दिवसभर थंडीत बसून त्याला वाटतं जगात सगळीकडे थंडी विकत मिळते. मी नको म्हटलं. एसी हॉलाचं मला ठाऊक आहे. दार बंद ठेवलं तर एसी चालणार, आणि तेराव्याला दार बंद राहतच नाही, सारखं कुणी येतंय, कुणी जातंय. शिवाय आतली हवा तीच ती, अगरबत्ती आणि झेंडूचा वास कोंडून दोन तासांत डोकी चढतात. मुलगा म्हणाला, "बाबा, लोकं काय म्हणतील? आईच्या तेराव्याला पत्र्याखाली बसवलं?"

मी म्हटलं, लोकांनी उकडतंय म्हणता कामा नये, बाकी काय हवं ते म्हणू देत.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. एसी हॉलात मला काम काय राहिलं असतं? पुढच्या खुर्चीवर बसून रडायचं. ते मला येत नाही.

दहाव्याला घाटावर कावळा लगेच आला. आमच्यात पिंडाला कावळा शिवला नाही तर मयताची काही इच्छा राहिली असं समजतात, मग एकेक नातेवाईक हात जोडून कबूल करतो, मी अमुक करीन, तमुकला सांभाळीन, आणि पटला शब्द की कावळा येतो. हिच्या वेळी भटजी बाजूला व्हायच्या आत कावळा भातावर. ही रोज खिडकीत पोळी टाकायची, ओळखीचाच असणार. पण त्यामुळे झालं काय, की सगळे मनात एकेक कबुली तयार करून आले होते त्या तशाच राहिल्या. ते सगळं तेराव्याला निघालं.

तेराव्याच्या आधीचे दोन दिवस मी हॉलातच. पत्र्यांना वरून चुना मारून घेतला. मला मुलाने वर चढू दिलं नाही, मी खालून शिव्या देत होतो. पत्र्यावर गोणपाटं टाकून भिजवायची सोय केली. वरच्या झडपा रंगाने चिकटून बसल्या होत्या त्या ठोकून उघडल्या. धंदा मी केव्हाच विकला, पण ज्याने घेतला तो माणूस भला, त्याने आठ मोठे उभे पंखे आणि दोन एक्झॉस्ट नुसते द्या म्हटल्यावर दिले. एक्झॉस्ट दोन्ही स्टेजच्या मागच्या खिडक्यांत बसवले. पुढच्या दारातून आणि बायकांच्या बाजूच्या खिडक्यांतून हवा आत, सगळ्या हॉलातून फिरून स्टेजमागून बाहेर. आयुष्यात इतकी चांगली मांडणी मी केली नव्हती. फक्त अगरबत्ती लावून बघितली नाही. पुडा काढला होता, पण परत खिशात ठेवला.

तेराव्याच्या दिवशी ऊन असं होतं की चढावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. माणसं आली ती तोंड पुसतच आली, आणि आत आल्यावर दोन मिनिटांत रुमाल खिशात गेले. मी फिरून फिरून कान लावत होतो. शेजारचे एक म्हातारे मास्तर आहेत, त्यांनी चक्क मफलर गुंडाळला. एक बाई दुसरीला म्हणाली, बाहेरच्यापेक्षा हंय बरा वाटता गो. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. बायकोचा फोटो हार घालून स्टेजवर, आणि मी हॉलात नवरदेवाच्या बापासारखा हिंडतोय.

फोटोपुढे पाटावर दिवा होता. भटजी बसले, मंत्र सुरू झाले आणि दिवा गेला. विझला म्हणायचं नसतं, शांत झाला म्हणतात. भटजींनी काही न बोलता परत लावला. पाच मिनिटांत परत शांत. कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा शांत झाला तेव्हा माझी धाकटी बहीण उठली. स्टेजजवळ गेली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून म्हणाली, "वहिनी, तुझी कुळथाची पिठी पाणचट होते असं मी सगळीकडे सांगितलं. खोटं होतं ते. माझ्यापेक्षा चांगली व्हायची. आता जा."

भटजींनी दिवा लावला. जरा टिकला. सगळ्यांनी माना हलवल्या. परत गेला.

मग रांग लागली. मेव्हणी उठली, तिने गावच्या देवीची ओटी भरायचं कबूल केलं. समोरच्या खोलीतली बाई उठली आणि म्हणाली की दारातल्या कुंडीतला कढीपत्ता तीच तोडत होती, मांजराचं नाव उगाच घेतलं. हे आम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक होतं, आमच्या मांजराला कढीपत्ता आवडत नाही. प्रत्येक कबुलीला भटजी दिवा लावायचे आणि तो जरा वेळ तग धरून जायचा. शेवटी मुलगा उठला. त्याने ठरवून टाकलं होतं की तेरावं झालं की घराला कुलूप आणि मला बोरिवलीला न्यायचं, लिफ्टच्या बिल्डिंगीत. तो फोटोकडे बघून म्हणाला, "आई, बाबांना मी जबरदस्तीने नेणार नाही. त्यांना राहू देत इथं." आणि रडायला लागला.

मला दुसऱ्यांदा दिवा गेला तेव्हाच कळलं होतं. चाळीस वर्षं हाच धंदा. वारा लागतोय हे सांगायला भटजी कशाला. तरी मी गप्प राहिलो. एक तर पिठीबद्दल बहिणीने माफी मागितलेली हिला ऐकू जावी असं मला फार वाटत होतं. मुलाचंही मी पूर्ण होऊ दिलं, खोटं कशाला बोलू. पण तिसरीही एक गोष्ट होती, आणि ती मला आवडली नाही. मला वाटायला लागलं, कुणीतरी म्हटलं असेल. मी हॉलाच्या दुसऱ्या टोकाला असताना कुणाच्या तरी तोंडून निघालं असेल, उकडतंय, आणि ही ऐकून बसली आहे. मी खुर्च्यांमधून फिरून माणसांना विचारायला लागलो, काय हो, उकडत नाही ना? सगळे नाही नाही म्हणत होते आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते.

बहिणीने मला धरून पुढे आणलं. म्हणाली, "दादा, आता तूच राहिलास. काय राहिलंय तिचं ते तुलाच ठाऊक. बोल."

मी म्हटलं, "तिचं काही राहिलेलं नाही. दिवा माझ्या पंख्याने जातोय."

हे कुणालाच आवडलं नाही. इतक्या जणांनी इतकं मन मोकळं केलं, आणि मी त्याला पंखा म्हणतोय. बहीण म्हणाली, पंख्यांची तोंडं तर तिकडे आहेत. ते खरं होतं, एकही पंखा दिव्याकडे नव्हता. कुणी सुचवलं, ताटाचा आडोसा करा. केला. वारा ताटाला आपटून वरून यायला लागला, दिवा आणखी लवकर गेला.

मग मी खिशातला पुडा काढला आणि अगरबत्ती पेटवली. इतक्या वर्षांत ती माझ्या हातात कधी नव्हती, मी पंखा धरायचो आणि ती अगरबत्ती. धूर असा वेडावाकडा जायला लागला की काही वाचताच येईना. इकडे, तिकडे, लाटा लाटा. असा वारा मी कुठल्याच हॉलात बघितला नव्हता. मग लक्षात आलं, वारा नाही तो, माझा हात हलतोय. मी खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकलं, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तेव्हा धूर सरळ झाला आणि स्टेजकडे ओढला गेला. दिव्यावरून, फोटोवरून, सरळ मागच्या एक्झॉस्टमध्ये. मी मांडणी इतकी चांगली केली होती की अख्ख्या हॉलाची हवा हिच्या तोंडावरून बाहेर जात होती.

एक्झॉस्ट बंद केले तर दहा मिनिटांत पत्रे तापून लोकांच्या तोंडून तो शब्द निघाला असता. चालू ठेवले तर दिवा नाही. मी अगरबत्ती घेऊन हॉलात निघालो. माणसं पाय जवळ घेत होती, मला वाट देत होती. धूर सगळीकडे आडवा. पुरुषांच्या बाजूला आडवा, मधे आडवा, खिडक्यांशी तर नुसता पळत होता. माझी कारागिरी. अशी मी बायकांची बाजू संपवली आणि खांबाच्या मागे गेलो, आणि तिथं धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला.

तिच्या त्या खुर्चीवर तिची एक लांबची मावसबहीण बसली होती. अंगाने चांगली भरलेली बाई. पदर ओला, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलेलं. मी विचारलं, "उकडतंय ना?"

ती म्हणाली, "नाय हो भावोजी. बरा आसा." आणि नाकावरचा थेंब पुसला.

त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तिला खिडकीजवळची जागा करून दिली. मुलाला हाक मारली आणि सांगितलं, आईला इकडे आण. भटजींनी आधी कुरकूर केली, दिशा आडवी येते म्हणाले, मग स्वतःच दिव्याकडे बघून पाट उचलला. फोटो खांबामागच्या खुर्चीवर ठेवला, पुढे पाट, पाटावर दिवा. लावला. ज्योत उभी राहिली. कुणीतरी कापून पुठ्ठ्याची चिकटवावी तशी.

मग सगळ्यांना खुर्च्या फिरवून घ्याव्या लागल्या. स्टेज गेलं पाठीमागे. बायका आपसूक पुढे आल्या आणि पुरुषांच्या पुढच्या रांगा मंडळाच्या अध्यक्षासकट सगळ्यात मागे गेल्या. बहीण माझ्या कानात म्हणाली, बघ, माझ्या माफीने शांत झाली. मी म्हटलं, हो गं. उगाच कशाला.

विधी झाले, पंगती बसल्या, गोडाचं जेवण झालं. एकाही माणसाने तो शब्द काढला नाही. मी दारात उभं राहून सगळ्यांना निरोप दिला आणि ऐकत होतो. छान झालं, म्हणाले. हॉल चांगला थंड होता, म्हणाले. मास्तर मफलर सोडत म्हणाले, तुमचा हात अजून तसाच आहे.

म्हणजे परीक्षेत मी पास. म्हणजे आता ती जायला मोकळी.

बायका भांडी गोळा करत होत्या, मुलगा बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होता. मी आठ पंखे बंद केले, एक्झॉस्ट बंद केले, आणि मागे जाऊन खांबाला टेकून खाली बसलो, दिव्याच्या शेजारी. पत्र्यांचा ताप वरून खाली उतरू लागला. तिथं मी याआधी कधी बसलो नव्हतो, प्रत्येक वेळी उभ्यानेच बघून गेलो होतो. पाठीतून घाम निघाला, मानेखाली निघाला, डोळ्यांत गेला. कशी बसायची बाई इथं, पाच-पाच तास, नुसता एक पदर घेऊन.

आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं. दिवा सरळ उभा होता. मग म्हटलं, तिच्याच भाषेत म्हटलं, म्हणजे नीट ऐकू आलं नाही असं नंतर म्हणायला नको.

"उकडता गो."